शिरूर, दौंड आणि नाताळच्या दोन बरण्या

शिरूर घोडनदीच्या काठी वसले आहे आणि दौंड भीमेच्या काठी. घोडनदी भीमेला मिळते ती दौंडच्या वरच्या अंगाला. म्हणजे शिरूरवरून वाहत गेलेले पाणी अखेर दौंडला वळसा घालून पंढरपूरच्या दिशेने जाते. एकाच पुणे जिल्ह्यातील ही दोन तालुक्यांची गावे, एकाच पाण्यावर पोसलेली. तरीही नाताळच्या दिवशी दारी आलेल्या पाहुण्याच्या हाती काय द्यावे, या एका बाबतीत या दोन गावांतील ख्रिस्ती घरांचे पायंडे आम्हांला लहानपणापासून निराळे दिसत आले.

आमचे आजोळ शिरूरचे. ते घर अमेरिकन मराठी मिशनच्या संस्कारात वाढलेले. तिथे नाताळला चहा, करंज्या, शेव आणि भजन. वडिलांचे घर दौंडच्या रेल्वे वसाहतीतले, कॅथलिक. तिथे मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर केकच्या तुकड्याबरोबर एका लहानशा पेल्यात गडद तांबड्या रंगाचे घरचे 'वाईन' मिळे. मुलांना बोटाएवढे, वडील मंडळींना पेलाभर. आमच्या आईने लग्नानंतर धर्मग्राम बदलला, प्रार्थनेची रीत बदलली. तो पेला मात्र तिने कधी ओठांना लावला नाही. या छोट्याशा पेल्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यात मठवासीयांची यंत्रशाळा आहे, कौटिल्याचा कायदा आहे, कंपनी सरकारची छावणी आहे, आगगाडी आहे, आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचे अश्रूही आहेत. त्या साऱ्याची ही एक उजळणी.

प्रथम बरणीत काय असे ते सांगितले पाहिजे. वसाहतीत शेजारी एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचे कुटुंब होते. त्या घरच्या आंटीकडून ही कृती आमच्या आजीकडे आली. आगमनकाळ सुरू होण्याच्या सुमारास दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवीत. एक किलो काळे मनुके देठ काढून चिरून घ्यायचे, दीड किलो साखर, सात बाटल्या उकळून निववलेले पाणी, चमचाभर यीस्ट आणि मूठभर गहू. एका बरणीत एवढेच. दुसरीत याशिवाय दालचिनीचे दोन तुकडे, सात-आठ लवंगा आणि ठेचलेल्या आल्याचा एक गोळा. तोंडाला पातळ फडके बांधायचे, रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचे, आणि एकविसाव्या दिवशी गाळून बाटल्यांत भरायचे. पहिल्या आठवड्यात बरणीला कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येई. आजी म्हणे, "बरणी बोलायला लागली."

साधी बरणी बरी की मसाल्याची, यावर दर नाताळला वाद होई. आजोबांचे मत असे की मसाला हा वाईट मनुक्यांची लाज झाकण्यासाठी असतो. चांगल्या मालाला त्याची गरज नाही. आंटीचे म्हणणे असे की थंडीच्या रात्री लवंगेवाचून नाताळ म्हणजे घंटेवाचून देऊळ. तेव्हा हा वाद आम्हांला घरगुती वाटे. पुढे वाचनातून कळले की याच प्रश्नावर युरोपने कित्येक शतके वाद घातला आहे, आणि एका राज्याने तर त्यावर कायदाही केला आहे.

आमच्या मनात मात्र वेगळेच कोडे होते. मनुक्यांच्या मदिरेत मूठभर गहू कशाला? आजीला विचारले तर ती म्हणे, "आंटीने सांगितले म्हणून." आंटीला विचारले तर ती म्हणे, "माझी आई घालायची." गव्हाने वाईन नितळते, दाट होते, असे कोणी सांगत. परंतु कच्च्या गव्हातील पिठूळ द्रव्यावर यीस्टचा काही अंमल चालत नाही. त्याला आधी साखरेचे रूप यावे लागते. त्या मूठभर गव्हाचा उलगडा आम्हांला सापडला तो हिवाळ्यातील कडक बियरच्या, म्हणजे इंग्रज ज्याला 'एल' म्हणतात तिच्या इतिहासात.

बियरचे तत्त्व मराठी गृहिणीला समजावून सांगण्याची गरज नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून जी आई बाळासाठी सत्त्व करते, तिला मोडाच्या धान्याची गोडी ठाऊक असते. मोड येताना धान्यात अशी पाचक द्रव्ये तयार होतात की जी त्यातील पिठाची साखर करतात. युरोपात हे धान्य म्हणजे सातू. सातूला मोड आणायचे, ते भट्टीत सुकवायचे, भरडायचे आणि उकळीच्या बऱ्याच खाली, सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचे. गोड अर्क उतरतो. तो गाळून उकळायचा, निववायचा आणि त्यात खमीर सोडायचे. खमीर ती साखर खाऊन मद्यार्क आणि वायू निर्माण करते. साध्या बियरमध्ये मद्यार्काचे प्रमाण शेकडा चार-पाच असते. तेवढ्याच पाण्याला धान्य अधिक घातले की अर्क दाट होतो, आणि प्रमाण सात, आठ, क्वचित दहापर्यंत चढते. ही झाली हिवाळ्याची कडक एल. ती लगेच पीत नाहीत. काही आठवडे, कधी काही महिने, थंडीत मुरू देतात.

हिवाळाच का, याचे उत्तर व्यवहारात आहे. उन्हाळ्यात खमीर उधळते आणि हवेतील जंतू पेय आंबट करून टाकतात. बव्हेरियात १५५३ साली असा हुकूमच निघाला की बियर गाळायची ती संत मायकलच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. सणांच्या दिनदर्शिकेवर बेतलेला हा कायदा. दौंडच्या उन्हाळ्यात कोणी बरणी लावली असती तर महिन्याअखेर तिचा शिरकाच झाला असता. म्हणून आमची आजीही बव्हेरियाच्या राजाचे नाव न ऐकता त्याच्याच पंचांगाने चाले.

ख्रिस्तसभेचा या विद्येशी फार जुना संबंध आहे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठवासीयाला दिवसाला ठरावीक माप मद्याची मुभा आहे. मात्र ज्याला न पिण्याचे बळ देवाने दिले आहे त्याला त्याचे विशेष फळ मिळेल, असेही तेथेच म्हटले आहे. ज्या थंड मुलखात द्राक्ष पिकत नव्हते तेथे मठांनी सातूचा आश्रय घेतला. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन मठासाठी नवव्या शतकाच्या आरंभी काढलेला जो आराखडा आजही जतन केलेला आहे, त्यात बियर गाळण्याच्या तीन जागा दाखविल्या आहेत: एक मठवासीयांसाठी, एक प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि एक यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड, जिला २०१२ साली ख्रिस्तसभेने धर्मपंडित म्हणून गौरविले, तिने होप्स या कडू फुलांविषयी लिहून ठेवले आहे की त्यांनी पेय टिकते, परंतु माणसाचे मन खिन्न होते. म्युनिकजवळच्या पावला येथील संत फ्रान्सिसच्या अनुयायी मठवासीयांची कडक बियर सतराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. रोमन विधिग्रंथात तर बियरला आशीर्वाद देण्याची एक स्वतंत्र लॅटिन प्रार्थनाच आहे.

आता मसाल्याचा वाद. होप्सचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वी युरोपात बियरमध्ये रानातल्या निरनिराळ्या सुगंधी वनस्पतींचे मिश्रण घालीत. त्या मिश्रणाचा मक्ता राजे आणि महागुरुस्वामी यांच्याकडे असे, आणि तो उत्पन्नाचा एक मोठा मार्ग होता. बव्हेरियाच्या ड्यूकने २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलस्टाट येथे हुकूम काढला की बियरमध्ये सातू, होप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. आमच्या आजोबांचा पक्ष तो हाच. इंग्लंड आणि बेल्जियम यांनी मात्र दुसरी वाट सोडली नाही. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत गरम एलमध्ये साखर, जायफळ, सुंठ आणि भाजलेली सफरचंदे घालून ते मोठ्या कटोऱ्यातून शेजारीपाजारी फिरवीत. बेल्जियममध्ये नाताळच्या बियरला धणे, संत्र्याची साल, दालचिनी यांचा वास असतो. आंटीचा पक्ष हा.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. त्या कटोऱ्यातील मिरी, सुंठ, दालचिनी ही आली कोठून? ती आली मलबार आणि सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यांवरून, आणि जायफळ त्याहून पूर्वेच्या बेटांवरून. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो याच मालाच्या शोधात. युरोपच्या नाताळचा सुगंध आपल्या समुद्रावरून गेला, आणि कित्येक शतकांनी दौंडच्या एका बरणीत आंटीच्या हातून माहेरी परतला.

मसाल्याच्या मद्याची कल्पना परक्यांनी आम्हांला शिकवली असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. मेदक म्हणजे तांदळाची बियरच: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. सोळा प्रस्थांचा एक द्रोण धरला तर सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व, असे हे प्रमाण पडते. किण्व म्हणजे उडीद आणि तांदूळ यांपासून केलेले खमीर. मैरेय हे मसाल्याचे: मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी, हवे तर त्रिफळा. साधी बरणी आणि मसाल्याची बरणी, दोन्ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच देशात शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या.

याच प्रकरणात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते एक कलम. मद्य गाळण्याचा मक्ता राज्याचा. तरी कुटुंबवत्सल गृहस्थाला मंगल प्रसंगी घरी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक आहे, आणि उत्सव, मेळे व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सूट आहे. सणाचा पेला वेगळा आणि रोजचा गुत्ता वेगळा, हा भेद कौटिल्याने ओळखला होता. पुढच्या कायदेकर्त्यांना तो नेहमीच ओळखता आला असे नाही.

आमच्याच कॅथलिक समाजातले दुसरे उदाहरण वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन बांधवांचे. तेथे लग्नकार्यात आणि सणांत 'खिमाड' नावाचे गरम पेय फिरते: गावठी दारूला साखर, दालचिनी, लवंग, गवती चहा यांची साथ देऊन उकळलेले. थंडीच्या रात्रीचा इंग्लंडमधील तो कटोरा आणि वसईचे हे खिमाड एकमेकांस ओळखत नाहीत. पण दोघे समोरासमोर आले तर भावंडे म्हणून ओळख पटेल.

मग दौंडला ही बरणी आली कशी? त्यासाठी आधी शिरूरला गेले पाहिजे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाची सही झाली, आणि पेशव्याच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी फौजेची छावणी पुढे शिरूरला पडली. त्या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली तेथेच वारला. शिरूरच्या लोकांनी त्याला 'सत्पुरुष' मानले आणि त्याच्या थडग्यापुढे ऊद जाळून नव्या धान्याचा नैवेद्य ठेवण्याची चाल पाडली. वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या रात्री, ३१ डिसेंबर १८१७ रोजी, कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. रात्रभर चालून सुमारे आठशे माणसे दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पोहोचली आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली. नववर्षाच्या त्या दिवशी त्यांना सर्वांत अधिक ओढ लागली होती ती घोटभर पाण्याची. पेयांचा इतिहास लिहिताना हेही नोंदले पाहिजे की तहान भागविणारे पेय शेवटी एकच आहे.

गोऱ्या सैनिकाला कंपनी सरकारकडून रोज दारूचा शिधा मिळे, तो कडक अर्काचा. या अर्काने जितके शिपाई रुग्णालयात गेले तितके शत्रूने पाठवले नसतील, अशी ओरड झाल्यावर त्याऐवजी बियर देण्याचे धोरण हळूहळू आले. विलायतेहून पिंपे येत. पण महिनोन्‌महिने जहाजावर काढून ती महाग पडत. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायरने कसौलीला बियरचा कारखाना काढला, आणि पुढे मीकिन या मद्यव्यावसायिकाने डोंगरी ठाण्यांप्रमाणेच आमच्या खडकीलाही कारखाना उभारला. ही बियर छावणीच्या कँटीनसाठी होती. रेल्वे कामगाराच्या स्वयंपाकघरापर्यंत तिची विद्या पोहोचण्याचे कारण नव्हते.

दौंडला आगगाडी आली १८५८ च्या अखेरीस, पुणे ते डिकसळ हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि गाव जंक्शन बनले. मनमाडकडे, अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर), सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे वाफेचे इंजिन येथे पाणी-कोळसा घेई. शेड, चाळी, इन्स्टिट्यूट आणि देऊळ उभे राहिले. ड्रायव्हर आणि गार्ड यांत अँग्लो-इंडियन व गोवेकर अधिक. फायरमन, फिटर आणि खलाशी यांत मराठी माणसे, आणि त्यांत आमच्यासारखी थोडी मराठी ख्रिस्ती घरेही.

या विलायती वळणाच्या घरांना नाताळला आजोबा-पणजोबांच्या ऐकीव आठवणीतली हिवाळ्याची एल हवी होती. परंतु दौंडच्या बाजारात ना मोडाचे भाजलेले सातू मिळत, ना होप्स. मिळत ते मनुके, साखर, दालचिनी, लवंग आणि आले. म्हणून एलची जागा मनुक्यांच्या वाईनने घेतली असावी, आणि धान्याची आठवण म्हणून मूठभर गहू तेवढा मागे राहिला असावा. हा आमचा तर्क. त्याचा कागद कोठे नाही. पण ज्या वस्तूचा उपयोग कोणालाच नीट सांगता येत नाही आणि तरीही जी टाकून देववत नाही, ती बहुधा कोण्या विसरलेल्या पूर्वजाची असते.

शिरूरची परंपरा याच्या उलट दिशेने घडत होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे शिरूरलाही. ज्या न्यू इंग्लंड प्रांतातून हे मिशनरी आले तेथे १८२६ साली बोस्टन येथे अमेरिकन मद्यपाननिषेध संस्था स्थापन झाली होती, आणि दारू सोडणे हा तेथील धर्मजीवनाचाच भाग बनला होता. शिरूर आणि दौंड यांच्या वाटेवर, दौंड तालुक्यातच, केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, आणि तेथील ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेध संघाशी त्यांचा निकटचा संबंध आला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात त्या संघाच्या कार्याचा गौरव आहे. नवऱ्याच्या दारूचा मार आधी बायकोच्या पाठीवर आणि मग मुलांच्या पोटावर बसतो, हे त्या संघाने ओळखले होते. म्हणून ती चळवळ स्त्रियांची झाली.

हा प्रश्न केवळ मिशनऱ्यांचा होता असे कोणी समजू नये. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला आणि सरकारच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार झाला. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहून आवाज उठवला. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले आणि लोकमान्यांनी त्या चळवळीला बळ दिले. कॅथलिकांनीही ही वाट चोखाळली होती. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे कॅपुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत लाखो आयरिश लोकांनी ती घेतली. मठात बियर गाळणारी आणि ही शपथ देणारी, दोन्ही ख्रिस्तसभा एकच आहे. तिने मद्याला कधी पाप म्हटले नाही, आणि मद्यपीपणाला कधी पुण्य म्हटले नाही. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस करणाऱ्या प्रभूच्याच नावाने संत पौलाने एफेसकरांना मद्याने धुंद होऊ नका असे बजावले, आणि तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यासही सांगितले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यात बंदी झाली. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला त्या कायद्याने परवानगीची वाट ठेवली, त्यामुळे वेदीवरील पेला सुरक्षित राहिला. घरातल्या बरणीला मात्र अशी वाट नव्हती. कौटिल्याचे चार दिवस या कायद्यात कोठे नव्हते. १९६० नंतर महाराष्ट्रात बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, दुकाने उघडली, पुढे २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आले आणि दौंड तालुक्यातल्याच रोटी गावी वाईनचा मोठा कारखानाही झाला. तरी परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा होता तो आजही गुन्हाच आहे. इंग्लंडने घरी बियर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली काढून टाकला. अमेरिकेने १९७८ साली केलेल्या कायद्याने घरगुती बियरला ठरावीक मापापर्यंत मोकळीक दिली. आमच्या वसाहतीत मात्र डिसेंबरमध्ये बरणी पलंगाखाली असे आणि तिच्यावर जुनी चादर. देवाच्या जन्मोत्सवाची तयारी चादरीखाली करावी लागते याचे आजीला हसू येई. आईला हसू येत नसे.

आईला हसू न येण्याचे कारण आमचे मामा. शिरूरच्या त्या चहा-करंजीच्या, भजनाच्या घरातून ते बाहेर पडले आणि हातभट्टीच्या नादी लागले. काळा गूळ आणि नवसागर यांची ती दारू. ओढ्याकाठच्या भट्टीवर पत्र्याच्या डब्यांतून ती उतरे. रात्री उशिरा सायकलच्या ट्यूबांतून गावात येई. तिथे ना सण होता, ना पाहुणा, ना एकवीस दिवसांची वाट पाहणे. मामांनी चाळिशी गाठली नाही. मागे मामी आणि तीन मुले. आम्ही लहान होतो, आईने आजीच्या बरणीकडे बोट दाखवून विचारले होते, "तुमचे ते वाईन, आणि माझ्या भावाची ती दारू?" आजीने उत्तर दिले नाही. पुढच्या नाताळलाही बरणी लागली, आणि मनुक्यांचे देठ काढायला आईच बसली. तिने प्यायले नाही, आणि अडवलेही नाही.

या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर देता येते. बरणीतले आंबवण आणि हातभट्टीचा अर्क यांत फरक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ते मिथिल अल्कोहोलचे विष होते, मनुके आंबवून तेवढे ते निर्माण होत नाही. हे सारे खरे आहे. पण आईचा प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हता. तिला विचारायचे होते ते असे: ज्या घरात पगार नियमित आहे, पेला लहान आहे, त्या घरातली मदिरा ही संस्कृती होते, आणि ज्याच्याकडे यातले काही नाही त्याची दारू ही अधोगती ठरते. हा न्याय कोणी केला? आमच्या जिल्ह्यातील कित्येक ख्रिस्ती घरे दलित समाजातून आलेली आहेत. त्यांच्यासाठी दारू सोडणे ही माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची पहिली पायरी होती. शिरूरच्या कोरड्या नाताळाकडे आम्ही दौंडकरांनी कधी कधी गमतीने पाहिले, याची आज खंत वाटते. त्या चहाच्या कपामागे किती आयांचा निर्धार होता हे आम्हांला फार उशिरा कळले.

तसेच शिरूरकरांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दौंडची बरणी नशेसाठी नव्हती. एकवीस दिवस ढवळायचे, चव न घेता थांबायचे, आणि मग बोटाबोटाने सर्वांना वाटायचे, यातही एक व्रत होते. आगमनकाळाची प्रतीक्षा त्या बरणीने आम्हां मुलांना प्रवचनाहून अधिक शिकवली. जे घाईने उतरते ते माणसाला घाईने संपवते. जे मुरते ते वाटून घ्यावेसे वाटते. मठातील जुन्या गाळणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी यात्रेकरूच्या वाट्याची वेगळी जागा आराखड्यातच आखून ठेवली.

वसाहत आता तशी राहिलेली नाही. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला निघून जाऊ लागली. वाफेची इंजिने गेली, आंटीचे घरही रिकामे झाले. जाताना तिने तिची मसाल्याची बरणी आजीला दिली. आजी गेल्यावर दोन्ही बरण्या आईकडे आल्या. आईने एकीत लिंबाचे लोणचे घातले. दुसरीत ती दर नाताळला आले, दालचिनी आणि लवंग साखरेच्या पाण्यात उकळून, लिंबू पिळून ठेवी. त्यात यीस्ट नसे, नशा नसे. थंडीच्या रात्री घशाला ऊब मात्र तीच. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर शिरूरची मामी आणि दौंडचे आजोबा यांनी एकाच बरणीतले पेय घेतल्याचे आम्ही त्या वर्षी प्रथम पाहिले.

आम्ही आता बरणी लावतो ती आईच्या पद्धतीची. कृती लिहून ठेवली आहे ती दोन्हींची, कारण विसरणे हा इतिहासावरचा उपाय नव्हे. आणि उकळत्या पाण्यात आले टाकताना आमचा हात अजूनही नकळत गव्हाच्या डब्याकडे जातो. गव्हाचा त्यात काही उपयोग नाही हे आता पुरते ठाऊक आहे. तरी चार दाणे टाकतो. एक आंटीसाठी, एक आजीसाठी, एक आईसाठी आणि एक मामांसाठी.